मालकाने स्वतःचीही वही तपासावी

आपण दुकानाचा हिशेब किती काळजीने ठेवतो! रोजकीर्द रोज लिहिली जाते. ताका संपत आला की उरलेला तुकडा मोजून ठेवतो. कोणाकडे किती उधारी आहे हे वही न उघडता सांगतो. २०१७ साली जीएसटी आल्यापासून तर बिलावरच्या एकेका आकड्याकडे दोनदा पाहावे लागते. परंतु दिवसभरात आपण आपल्या माणसांशी कसे बोललो, कोणाचे म्हणणे मध्येच तोडले, कोणाला न विचारता त्याच्या वतीने शब्द दिला, याचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहितो?

उर्दूत यासाठी 'मुहासबा' असा शब्द आहे. स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. आपण हा शब्द मशिदीत ऐकतो आणि मशिदीतच ठेवून येतो. गल्ल्यावर बसल्यावर त्याची जास्त गरज असते, हे मला पन्नाशीत आल्यावर समजले आणि ते समजण्यासाठी बरीच किंमत मोजावी लागली. ती हकीकत आधी सांगतो.

मास्तर का गेला?

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. आमचे दुकान कापडाचे. मागच्या खोलीत शिलाईच्या मशिनी आहेत. तेथे एक कटिंग मास्तर होता. अकरा वर्षे आमच्याकडे होता. हात इतका साफ की गिऱ्हाईक कापड दुसरीकडून घ्यायचे आणि शिवायला आमच्याकडे यायचे. एका ईदनंतर तो हिशेब करून गेला आणि थोड्याच दिवसांत त्याने स्वतःची मशीन टाकली. त्या लग्नसराईत माझी अर्धी शिलाई त्याच्यामागे गेली.

मी दोन वर्षे सर्वांना सांगत फिरलो की माणसे बेईमान झाली आहेत, शिकवा-सवरवा आणि मग ते निघून जातात. ऐकणारे मान डोलवायचे. एके दिवशी जेवताना पत्नीने विचारले, "तो तारखांबद्दल काय म्हणायचा, आठवते का?" मला आठवेना. तिला मात्र आठवत होते, कारण मागच्या खोलीतला आवाज घरात ऐकू येतो.

गोष्ट अशी होती. गिऱ्हाईक गल्ल्यावर विचारायचे, "शेठ, कपडे कधी मिळतील?" मी म्हणायचो, "गुरुवारी घेऊन जा." मास्तरकडे किती नग पडून आहेत, काज-बटणाला माणूस आहे की नाही, हे मी विचारत नव्हतो. मग मास्तर रात्रभर जागायचा. तरी काम राहिलेच, तर गुरुवारी गिऱ्हाइकासमोर बोलणी तोच खायचा आणि मीही गिऱ्हाइकाच्या बाजूने त्यालाच बोलायचो. त्याने मला तीन वेळा सांगितले होते, "सेठ, तारीख देण्याआधी मला विचारत जा." तिन्ही वेळा माझे उत्तर एकच होते, "धंदा मला शिकवू नकोस."

शब्द मी द्यायचा आणि बेइज्जती त्याची व्हायची. अकरा वर्षे त्याने हे सोसले. बेईमान कोण, हे आता वाचकांनीच ठरवावे.

आपल्याला स्वतःचे का दिसत नाही?

'नेतृत्व' म्हटले की आपल्याला स्टेजवरचे पुढारी आठवतात. परंतु ज्याच्या हाताखाली दोन मशिनी, एक मास्तर आणि एक पोऱ्या आहे, त्याच्याही हातात चार माणसांची रोजी आणि इज्जत असते. तोही पुढारीच. आणि पुढाऱ्याची अडचण अशी की त्याला खरे सांगणारे कमी असतात.

आपल्या धंद्यात त्याचे एक खास कारण आहे, ते म्हणजे उचल. कारागिराने लग्नासाठी, आजारपणासाठी आपल्याकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तो तुमच्या तोंडावर काय बोलणार? तुम्ही विचाराल, "सगळे ठीक ना?" तो म्हणेल, "हो सेठ." ही संमती नव्हे, ही उधारी आहे. आपण मात्र तिला समाधान समजतो.

ताशा युरिक नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी सुमारे ५,००० लोकांचा अभ्यास करून २०१८ साली एक लेख लिहिला. आपण स्वतःला चांगले ओळखतो, असे बहुतेकांना वाटत होते. कसोटीला उतरले ते शंभरात दहा-पंधराच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अनुभव आणि अधिकार वाढला की माणूस स्वतःला जास्त ओळखू लागतो असे नाही. उलट आपल्या गुणांबद्दलचा त्याचा अंदाज जास्तच फुगतो. "मी तीस वर्षे या गल्ल्यावर बसतो" हे वाक्य आपण किती अभिमानाने उच्चारतो! सावध राहावे असे तेच वाक्य आहे.

अमळनेरचा एकवीस वर्षांचा मालक

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर. साने गुरुजी जेथे शिक्षक होते ते गाव. तेथे एम. एच. प्रेमजी यांनी १९४५ साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तूप बनवणारी कंपनी काढली. पुढे ती कपडे धुण्याचा साबणही बनवू लागली. १९६६ साली प्रेमजींचे अचानक निधन झाले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. वय एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि कारखान्याचा मालक झाला.

भागधारकांच्या सभेत एकाने उभे राहून सर्वांसमोर सुनावले की, ही कंपनी चालवणे तुमच्यासारख्या पोराचे काम नाही, तुमचे भाग विकून कारभार अनुभवी माणसाच्या हाती द्या. आपल्यापैकी कोणी असता तर एक तर चिडून भांडला असता, नाही तर खचून विकून मोकळा झाला असता. अझीम प्रेमजींनी दोन्ही केले नाही. बोलणे त्यांना लागले आणि त्याने त्यांची जिद्दही वाढली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. परंतु त्या बोलण्यातला खरा भाग त्यांनी नाकारला नाही. अनुभव नव्हता हे खरेच होते. म्हणून त्यांनी कारभाराची पुस्तके घेऊन अभ्यास केला, कारखान्याचे काम शिकून घेतले आणि ज्या विषयात स्वतःला कमी कळते त्या विषयातली शिकलेली, हुशार माणसे नोकरीस ठेवली.

१९७७ साली कंपनीचे नाव बदलून 'विप्रो' झाले. त्याच सुमारास आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून गेली आणि विप्रो संगणकाच्या धंद्यात उतरली. तेल-साबणवाल्या मालकाला संगणकातले सर्व काही येणे शक्यच नव्हते. ज्यांना येत होते त्यांना त्यांनी काम करू दिले. अर्धवट राहिलेली पदवी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळानंतर, कंपनी जगभर पोहोचल्यावर पूर्ण केली. २०१९ साली त्यांनी कारभार मुलाकडे सोपवला.

आपले दुकान म्हणजे विप्रो नव्हे, हे मलाही कळते. पण त्या सभेतला प्रसंग आपल्याकडे दर आठवड्याला घडतो. कोणी तरी तोंडावर आपली उणीव सांगतो. त्या वेळी "सांगणारा कोण मोठा लागून गेला" असे म्हणायचे, की "यातले खरे किती" असे विचारायचे, एवढाच प्रश्न असतो. मास्तरने मला तीन वेळा अशी संधी दिली होती.

चार खणांची खिडकी

१९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी आकृती काढली. दोघांची नावे जोडून तिला 'जोहरी खिडकी' म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्या मला आधी वाटले, ही जवाहिऱ्याची, म्हणजे जौहरीची खिडकी असावी. तसे पाहिले तर पारख करण्याचीच ही खिडकी आहे. तिला चार खण आहेत.

पहिला खण: जे मला माहीत आहे आणि लोकांनाही. उदाहरणार्थ, मला कापडाची पारख आहे.

दुसरा खण: जे मला माहीत आहे, पण लोकांपासून लपवलेले आहे. ठोक व्यापाऱ्याची रक्कम थकली की मला झोप येत नाही, हे मी दुकानात कोणाला सांगत नाही.

तिसरा खण: जे लोकांना दिसते, पण मला दिसत नाही. मी परस्पर तारखा देतो, हे पोऱ्यालाही ठाऊक होते.

चौथा खण: जे कोणालाच ठाऊक नाही. ते वेळ आल्यावरच कळते. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आपली हिंमत किती आणि घाबरटपणा किती, हे प्रथमच कळले.

धंदा बुडतो तो बहुधा तिसऱ्या खणामुळे. तो लहान करण्याचा उपाय एकच, विचारणे. दुसरा खण लहान करण्याचा उपाय म्हणजे सांगणे. थकलेल्या रकमेची काळजी मी मास्तरला सांगितली असती, तर माझी चिडचिड त्याच्यावर नाही, हे तरी त्याला कळले असते.

प्रत्यक्ष काय करावे?

मी जे करून पाहिले तेवढेच सांगतो.

१. रात्री शटर ओढण्यापूर्वी पाच मिनिटे काढून रोजकीर्दीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहाव्यात. आज आवाज कोठे चढला? कोणाचे ऐकून घेतले नाही? कोणाला न विचारता शब्द दिला? कोणाला शाबासकी दिली? दुसऱ्या कोणाला दाखवायचे नाही, म्हणून खरे लिहावे.

२. "मी असा का आहे" हे उगाळत बसू नये. त्यातून फक्त सबबी सापडतात. "काय झाले, केव्हा झाले, आता काय करायचे" हे लिहावे. महिनाभर लिहिल्यावर मला आढळले की माझे ओरडणे बहुतेक बाजाराच्या दिवशी, दुपारी, जेवण राहिलेले असताना आणि ठोक व्यापाऱ्याचा तगाद्याचा फोन येऊन गेल्यानंतर होते. पोऱ्याची चूक हे निमित्त असे. आता मी बाजाराच्या दिवशी ज़ुहरच्या आधी जेवून घेतो आणि ठोक व्यापाऱ्यांना सकाळी दहालाच फोन करायला सांगितले आहे. एवढ्याने अर्धा गुस्सा कमी झाला.

३. कारागिराला "माझे काही चुकते का?" असे विचारू नये. तो "नाही" म्हणणारच. "या आठवड्यात माझ्यामुळे तुझे कोणते काम अडले?" असे विचारावे. एकट्याला, चहा घेताना विचारावे, चारचौघांत नव्हे.

४. तो सांगू लागला की मध्ये बोलू नये, सफाई देऊ नये. मनात उत्तर तयार होतेच, ते गिळावे. "बरे झाले सांगितलेस" एवढेच म्हणावे. त्याच्या सांगण्याचा राग दुसऱ्या दिवशी कामात काढला, तर पुन्हा तो तोंड उघडणार नाही.

५. ऐकलेल्यापैकी एकच गोष्ट बदलावी, पण ती त्याला दिसेल अशी बदलावी. आमच्याकडे आता मागच्या खोलीत मोठे कॅलेंडर आहे. तारीख मास्तर लिहितो. मी गल्ल्यावरून वाचून सांगतो. सुरुवातीला काही गिऱ्हाइके नाराज होऊन गेली. नंतर कपडे सांगितलेल्या दिवशी मिळू लागले, तेव्हा त्यातली बरीच परत आली.

६. एखाद्या लाडक्या नोकराकडून बाकीच्यांच्या खबरा काढू नयेत. त्याने आपले दोष कळत नाहीत, फक्त दुकानात भांडणे लागतात.

यावर कोणी म्हणेल, "असे नरम झालो तर नोकर डोक्यावर बसतील." स्वतःला ओळखणे म्हणजे ढिले पडणे नव्हे. कापड चुकीचे कापले गेले, माणूस रोज उशिरा आला, गल्ल्यात तफावत आली, तर बोललेच पाहिजे. पण बाजूला घेऊन बोलावे, त्या कामाबद्दल बोलावे. त्याच्या खानदानाबद्दल आणि अकलेबद्दल बोलू नये. आणि नुकसानीत आपला वाटा किती, तो आधी मोजून मगच बोलावे.

शेवटी

गेल्या वर्षी मी जुन्या मास्तरकडे कुर्त्याचे माप द्यायला गेलो. त्याने खुर्ची पुसून बसायला दिली, चहा मागवला. मी म्हणालो, "तू तीन वेळा सांगितले होतेस, मी ऐकले नाही." तो टेप गळ्यात टाकत हसला. म्हणाला, "सेठ, चौथ्यांदा सांगायची हिंमत नव्हती, तुमची उचल अंगावर होती." मग त्याने शांतपणे माप घेतले आणि तारीख सांगितली. त्याच तारखेला कुर्ता तयार होता.

तो परत आला नाही, येणारही नाही. त्याचे स्वतःचे दुकान आता चांगले चालते आणि त्याच्या हाताखाली दोन मुले आहेत. माझे नुकसान झाले ते झाले. आपल्यापैकी ज्यांचा मास्तर अजून मागच्या खोलीत बसलेला आहे, त्यांनी आज शटर ओढण्यापूर्वी त्याला एक प्रश्न जरूर विचारावा. उचल अंगावर असली तरी त्याला बोलता येईल, अशा रीतीने विचारावा.