पिशवीच्या जाडीपासून कारखानदाराच्या दारापर्यंत

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, आणि पाण्याची वाट अडवणाऱ्या गटारांतील प्लास्टिकच्या पिशव्यांकडे राज्यकर्त्यांची दृष्टी प्रथमच गांभीर्याने वळली; पुढच्याच वर्षी राज्यात ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई झाली. पुण्यालगतच्या धायरीचा कारभार त्या काळी ग्रामपंचायतीकडे होता, आणि मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाने मोजावयाची जाडी भाजीवाल्याच्या हातातील पिशवीत शोधण्याचे साधन तेथे कोणापाशी असणार? नियम दप्तरी राहिला आणि पिशव्या बाजारात राहिल्या.

ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह अकरा गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, आणि नव्या हद्दीची घडी अद्याप बसावयाची असतानाच राज्य शासनाची २३ मार्च २०१८ची अधिसूचना निघाली. प्लास्टिकच्या सर्व पिशव्या, थर्माकोलची ताटे, एकदाच वापरावयाचे पेले व चमचे यांचे उत्पादन, विक्री, वाहतूक आणि साठवण या सर्वांना तिने मनाई केली. साठा संपविण्याची मुदत सरून २३ जूनपासून प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षेची चढती श्रेणी होती. दिवसाच्या विक्रीवर घर चालविणाऱ्या फळवाल्यास पाच हजारांची रक्कम म्हणजे केवढे संकट, याचा विचार करताना तिची न्याय्यता मला कधीही पटली नाही. कारण पिशवी त्याने निर्माण केलेली नव्हती, आणि गिऱ्हाईक ती मागत होते. नऱ्हे-धायरी रस्त्यालगतच्या लहान कारखान्यांतही मालाच्या वेष्टनाचा प्रश्न उभा राहिलाच. त्याच अधिसूचनेत मनाईतून वगळलेल्या दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापून ती ग्राहकाकडून परत घेण्याची तरतूद होती. ती रुजली असती, तर दोष शोधण्याऐवजी वस्तू परत आणण्याची सवय लागली असती. ती रुजली नाही, ही या काळातली मोठी हानी होय.

केंद्राच्या नियमांनी मात्र सावकाश का होईना, दिशा बदलली. २०१६च्या नियमांत उत्पादक, आयातदार आणि ज्यांच्या नावे माल विकला जातो त्या कंपन्या यांवर वापरलेले वेष्टन गोळा करण्याचे दायित्व टाकण्यात आले; पिशवीची किमान जाडी सप्टेंबर २०२१ अखेरीस ७५ मायक्रॉन आणि २०२२ सरता सरता १२० मायक्रॉन झाली; १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तू देशभर बंद झाल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत या दायित्वाची वर्षवार उद्दिष्टे ठरून कंपन्यांना नोंदणी आणि हिशेब देणे अनिवार्य झाले. मला हे सर्वांत मोलाचे वाटते. जो निर्माण करतो त्याने निस्तरावे, हे न्यायाचे साधे तत्त्व प्लास्टिकच्या बाबतीत येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत आकडे घेऊन उतरले.

पुण्यात घरोघरचा कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची १९९३पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था हे काम आधीपासून हातांनी करीत होत्या. ज्या पातळ, अनेक थरांच्या वेष्टनाला भंगारवाला दर देत नाही, ते उचलण्याचा खर्च आता त्या वेष्टनाच्या धन्याकडून वसूल होऊन वेचणाऱ्या बाईच्या पदरात कितपत पडतो, ते यापुढे पाहावयाचे आहे.