लुइसचे परतणे
‘नार्निया’चा लेखक सी. एस. लुइस किशोरवयातच नास्तिक झाला. १९०८ मध्ये आई कर्करोगाने गेली होती. पण त्याचा आक्षेप दुःखापेक्षा वाचनातून आलेला दिसतो. १९१६ मध्ये, सतराव्या वर्षी, मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सगळे धर्म माणसांनी रचलेली पुराणे ठरवतो. मरून उठणारे देव इतरत्रही आहेत, मग ख्रिस्ताचीच कथा तेवढी खरी का?

पुढे ऑक्सफर्डला अध्यापक असताना ईश्वर आहे, इथवर तो विचाराने आला. आत्मचरित्र याचे साल १९२९ देते. चरित्रकार मॅकग्रा १९३० मानतात, आणि पत्रे पाहता तेच पटते. ख्रिस्तापाशी मात्र गाडी अडली. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टोल्किन आणि ह्यूगो डायसन यांनी त्याला साहित्याच्याच वाटेने गाठले : नॉर्स पुराणातल्या बाल्डरच्या मरणाने तू हेलावतोस, तशीच ही कथा ऐक, फरक एवढाच, की ही घडलेली आहे. नऊ दिवसांनी, भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमधून व्हिप्सनेडचे प्राणिसंग्रहालय पाहायला जाताना त्याची श्रद्धा परतली. (प्रवासात आपण फारसा विचार केला नव्हता, असे तोच सांगतो.) टोल्किन कॅथलिक, लुइस मात्र बालपणीच्या अँग्लिकन चर्चमध्ये गेला, आणि टोल्किनना ते रुचले नाही.