पाण्यातला घाम

पाण्यात असताना माणसाला घाम येतो काय, आणि आला तर तो त्याला कळतो काय, असे कोणी विचारले तर प्रथम हसू येते. भिजलेल्याला घामाचे काय, असे आपण म्हणतो. आम्हीही तसेच म्हणालो होतो. पण आमचे आयुष्य घाम गाळणाऱ्या मंडळींत गेले, आणि सभांतून हा शब्द आम्ही इतक्या वेळा वापरला, की घाम मुळात काम काय करतो हे एकदा समजून घ्यावे असे वाटले.

उत्तर सरळ आहे. घाम येतो, आणि बहुतेकांना तो कळत नाही.

अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. त्यांना हुकूम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून. आतले रक्त तापले की हुकूम सुटतो. बाहेर हवा आहे की पाणी, हा विचार त्यात दुय्यम. तलावाचे पाणी २६-२७ अंशांचे असले तरी जोराने पोहणाऱ्याच्या स्नायूंतून एवढी उष्णता निघते की तासाला पाव ते अर्धा लिटर घाम जातो. पाणी ३२ अंशांवर गेले तर त्याहून पुष्कळ जास्त. हे कळते कसे? पोहण्यापूर्वी माणसाचे वजन करावे, नंतर अंग कोरडे करून पुन्हा करावे, मध्ये प्यालेल्या पाण्याचा व लघवीचा हिशेब धरावा. घट उरते ती मुख्यतः घामाची. पोहणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल, 'मला कुठे घाम आला?'

त्याचे म्हणणे खोटे नव्हे. घाम आपल्याला कळतो तो कशाने? वाऱ्याने अंग गार पडते, पाठीवरून ओघळ उतरतो, सदरा चिकटतो, डोळ्यांत मीठ झोंबते. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलेल्याला यातली एकही खूण उरत नाही. शिवाय ओलेपणा ओळखणारी स्वतंत्र यंत्रणा माणसाच्या कातडीत सापडलेलीच नाही. गारवा आणि स्पर्श यांच्या बेरजेवरून मेंदू ओलेपणाचा अंदाज बांधतो. पावसाळ्यात दोरीवरचे धोतर हातात घेऊन 'हे ओले आहे की नुसतेच गार?' असा संभ्रम ज्यांना पडला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत बसलेली मंडळी पाहावीत. कपाळावर टपोरे थेंब येतात, आणि घाम फक्त डोक्यालाच आला असे त्यांना वाटते. वस्तुतः गळ्याखालीही तो येत असतो. तो कुंडात मिसळतो एवढेच. आणि तो फुकट जातो, हा खरा मुद्दा. घामाने अंग निवते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून गेला किंवा पाण्यात विरघळला तर जवळजवळ काहीच नाही. थंड पाण्यात याने बिघडत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून तेच अंग निववते. पण पाणी अंगाहून गरम असेल तर तोच वेग उलटा चालतो. कुंडातून घाईने उठणाऱ्याला भोवळ येते, ती उगाच नव्हे. त्यातच पाण्यात बुडलेल्या शरीराला लघवी जास्त होते व तहान कमी लागते. म्हणजे खर्च वाढतो आणि मागणी मात्र नोंदवलीच जात नाही.

आता हाच हिशेब हवेला लावावा. हवा वाफेने जवळजवळ भरली की तिच्यात घाम वाळायला फारशी जागा उरत नाही. त्या उष्ण हवेत उभा असलेला माणूस घामाच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यातच उभा असतो. कापड गिरणीच्या साचाखात्यात ही स्थिती मुद्दाम आणली जात असे, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. सुताची काळजी घेतली जाई, ती अशी. तिथल्या माणसाला आपण भिजलो आहोत हे कळे, पण फारसे काही वाळत नाही हे कळत नसे. 'सवय झाली,' असे तो म्हणे. रंगाईच्या कारखान्यांत वाफेपाशी उभी असलेली पोरे आजही आम्हाला हेच सांगतात.

जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अशा उष्ण, दमट हवेत स्वतः बसून पाहिले आणि १९०५ साली निष्कर्ष छापला. साधा तापमापक काय दाखवतो याला फारसे महत्त्व नाही. ज्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले आहे, तो काय दाखवतो ते पाहावे. ओले फडके वाळते तेवढाच घाम वाळणार. वारा नसेल आणि हा आकडा ३१ अंशांच्या वर गेला, तर उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातील १५ व्या कलमाने कृत्रिम दमटपणावर नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता, आणि खात्यात आर्द्रतामापक टांगून त्याच्या नोंदी ठेवाव्या लागत. 'फार उकडते' या तक्रारीला व्यवस्थापक हसू शकतो. नोंदवहीतला आकडा पुढे ठेवला की त्याला निदान बोलावे लागते.

पाण्याच्या बाबतीत आकडा उशिरा आला. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे १० किलोमीटरच्या समुद्री शर्यतीत फ्रान क्रिपेन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मरण पावला. पाणी ३० अंशांच्या आसपास होते. आणखी काही स्पर्धकांना रुग्णालयात न्यावे लागले. हृदय, दमा, उष्णता अशा कारणांची पुढे चर्चा झाली. जगातले उत्तमोत्तम पोहणारे होते ते. पाण्याला अंगाने ओळखणारे. त्या वेळी नियमात १६ अंशांची किमान मर्यादा होती, कारण थंडी सर्वांना कळते. कमाल मर्यादा नव्हती. ती नंतर आली, ३१ अंशांची. हॉल्डेनचा आकडाही ३१ च, पण तो हवेतला, ओल्या फडक्याचा. दोन्हींची सांगड घालण्याचा मोह आम्ही आवरतो. पाण्याचे तापमान शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या २ तास आधी, मार्गाच्या मध्यावर, ४० सेंटिमीटर खोलीवर मोजावे, असे नियमात लिहिले गेले.