शर्यत संपल्यावरचं कुरण

लेक्सिंग्टन शहर मागे पडलं की रस्त्याकडेला लाकडी कुंपणं सुरू होतात, ती संपता संपत नाहीत. केंटकीच्या या पट्ट्याला ब्लूग्रास म्हणतात; गवत मात्र चांगलं हिरवंगार. जमिनीखाली चुनखडक आहे. त्यातला चुना गवतात उतरतो आणि गवतातून घोड्यांच्या हाडांत, यावर इथल्या घोडेवाल्यांची श्रद्धा आहे. केंटकी हॉर्स पार्क इथेच, सुमारे १,२०० एकरांवर, १९७८ साली सुरू झालं. २०१० च्या जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा पहिल्यांदाच युरोपबाहेर झाल्या, त्याही इथेच.

आधी तबेल्यांकडे जावं. गाडी ओढणाऱ्या अवजड जातीच्या घोड्याचा खूर मी जवळून पाहिला. जेवायच्या ताटलीएवढा! त्यापुढे शर्यतीचा घोडा म्हणजे काडीपैलवान.

पार्कचं खरं मर्म ‘हॉल ऑफ चॅम्पियन्स’मध्ये आहे. घोड्यांच्या धंद्यात शर्यतीचं बक्षीस ही नुसती बोहनी; मोठी कमाई पुढे पैदाशीत. ज्याची पैदास होणार नाही, तो कितीही मोठा विजेता असो, हिशेबाच्या वहीत त्याच्यापुढे शून्य. अशांना इथे घर मिळालं. जॉन हेन्री हा खच्ची केलेला, स्वभावाने खाष्ट आणि लहानपणी अवघ्या १,१०० डॉलरना विकला गेलेला घोडा. त्याने ६५ लाख डॉलरहून जास्त कमावले. सिगार लागोपाठ १६ शर्यती जिंकला, निवृत्तीनंतर पैदाशीसाठी माद्यांवर सोडला, पण एकही शिंगरू झालं नाही. तोही इथे आला आणि २०१४ पर्यंत लोकांकडून लाड करून घेत राहिला.

अश्वसंग्रहालयाला निदान दोन तास द्या. कोल्ह्याएवढ्या आदिम घोड्यापासून गोष्ट सुरू होते. कॅल्युमेट फार्मच्या सोन्याचांदीच्या ट्रॉफ्यांपाशी मी जरा रेंगाळलो. केंटकी डर्बी ही शर्यत पुन्हा पुन्हा जिंकणारं हे फार्म १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेलं. सॅडलब्रेड जातीचं वेगळं संग्रहालयही इथेच आहे. एकेक पाय सुटा टाकत, स्वाराच्या पोटातलं पाणीही न हलवता धावणं ही या घोड्यांची खासियत. शोभेचे चाबूक नि टोप्या मी भराभर उरकल्या.

मॅन ओ’ वॉरच्या ब्राँझच्या पुतळ्याखालीच त्याला पुरलं आहे. तांबड्या रंगाचा हा घोडा २१ पैकी २० शर्यती जिंकला. एकदाच हरला, तो ज्याच्याकडून त्या घोड्याचं नाव अपसेट! अनपेक्षित पराभवासाठीचा इंग्रजीतला तो शब्द या शर्यतीवरूनच आला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. शब्द त्याआधीचा आहे. मॅन ओ’ वॉरचा मोतद्दार विल हारबट हा कृष्णवर्णीय माणूस. बघायला येणाऱ्यांना तो घोड्याची गोष्ट अशी रंगवून सांगे की लोक गोष्टीसाठीही येत. १९४७ च्या ऑक्टोबरात हारबट गेला. १ नोव्हेंबरला घोडा. घोड्याच्या शवावर लेप चढवून ते लोकांना दर्शनासाठी ठेवलं होतं, अंत्यविधी रेडिओवरून ऐकवला गेला.

त्याच आवारात आयझॅक मर्फीची कबर आहे. हा जॉकीही कृष्णवर्णीय. १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन केंटकी डर्बी त्याने जिंकल्या. १८७५ च्या पहिल्या डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. पुढे वर्णद्वेषाने त्यांना मैदानातून हुसकावलं. १८९६ मध्ये मर्फी गेला आणि लेक्सिंग्टनच्या एका दुर्लक्षित दफनभूमीत त्याची कबर हरवून गेली. ती १९६० च्या दशकात एका पत्रकाराने हुडकून काढली. मग मर्फीला मॅन ओ’ वॉरच्या तेव्हाच्या कबरीशेजारी आणलं, आणि पुढे दोघंही इथे आले.

पुतळ्यापाशी फोटोंसाठी रांग होती. मर्फीच्या कबरीशी मी गेलो तेव्हा कोणीच नव्हतं. मागच्या कुरणात एक घोडी मान खाली घालून चरत होती, आणि तिचं शिंगरू उगाचच कुंपणाच्या कडेकडेने उधळत होतं.