ऐन जोर लावायच्या वेळी एपिड्युरल बंद का?

गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर उघडले की प्रसूतीचा दुसरा टप्पा सुरू होतो. आता जोर लावायचा असतो. नेमक्या याच वेळी काही प्रसूतिगृहांत एपिड्युरलचे औषध थांबवले जाते. कारण पटण्यासारखे वाटते: कंबरेखाली बधिर असेल, तर बाईला कळ कशी कळणार आणि ती जोर कसा लावणार?

एपिड्युरल देताना भूलतज्ज्ञ कंबरेच्या दोन मणक्यांमधून एक बारीक नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत सरकवतात. तिच्यातून सोडलेले औषध वेदनेचे संदेश अडवते. बाई पूर्ण जागी असते. पूर्वी हे औषध बरेच तीव्र असे. पाय जड पडत, आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ काढण्याची वेळ जास्त येई. त्यामुळे शंका निराधार नव्हती. आता औषध खूप पातळ करून, त्यात फेंटानिलसारख्या औषधाची थोडी मात्रा मिसळून देतात. वेदना कमी होते, पण बाळ खाली सरकताना येणारा दाब अनेकींना जाणवतो.

औषध थांबवून खरेच फायदा होतो का? 2004 मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात 5 चाचण्यांतील 462 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. चिमटा-व्हॅक्यूमची गरज औषध थांबवलेल्या गटात 23 टक्के, तर चालू ठेवलेल्या गटात 28 टक्के होती. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. वेदना पुरेशी न शमण्याचे प्रमाण मात्र 6 टक्क्यांऐवजी 22 टक्के झाले.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चीनमधील चाचणी अधिक बोलकी आहे. पहिलटकरीण असलेल्या 400 स्त्रियांपैकी निम्म्यांचे औषध चालू राहिले, उरलेल्यांना दुसऱ्या टप्प्यात नळीतून नुसते सलाइन मिळाले. कोणाला काय मिळते आहे, हे ना त्यांना ठाऊक होते ना डॉक्टरांना. दुसरा टप्पा औषध घेणाऱ्यांत सरासरी 52 मिनिटे चालला, सलाइनवाल्यांत 51. एका मिनिटासाठी कळा सोसायला लावणे हा सौदा तोट्याचाच.

एपिड्युरलने रक्तदाब उतरू शकतो, कधी ताप किंवा नंतर डोकेदुखी होते, म्हणून देखरेख लागतेच. बधिरपणा फारच असेल तर मात्रा कमी करता येते. त्यासाठी औषध पूर्ण तोडण्याची गरज नसते. शिवाय टाके घालावे लागले किंवा ऐनवेळी सिझेरियन ठरले, तर तीच नळी कामी येते. नाव नोंदवतानाच विचारून ठेवावे: शेवटपर्यंत औषध चालू ठेवता का, आणि रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात का?