कोष्टकासकट उत्तर

पहाटे ५:३०

दूध संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग लागली आहे. नीरेवरून गारठा येतो. नदीच्या पल्याड पुणे जिल्हा, अल्याड आमचं शिरवळ, आणि मधून रात्रभर न थांबलेला हायवे. आत यंत्र प्रत्येकाच्या दुधातून जरासा नमुना ओढतं आणि पावती निघते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. या पावतीचा मला मोठा आदर आहे. नुसती रक्कम सांगून ती थांबत नाही. रक्कम कशी आली तेही सांगते, म्हणून शेतकरी बोटांवर हिशेब करून ती पडताळू शकतो.

मी जनावरांच्या आहाराचं गणित करते. गाईला पुरेसं पोषण कमीत कमी खर्चात कसं मिळेल हे काढायचं, आणि ज्या आकड्यांवरून ते काढलं ते आकडे इतर अभ्यासकांसाठी खुले ठेवायचे. काल रात्री त्यातल्याच एका अभ्यासकाची ई-मेल आली. पदव्युत्तर शिकणारा मुलगा, मला कधी न भेटलेला. त्याने माझ्या कोष्टकावर आपली नवी रीत चालवून पाहिली होती. त्याचा प्रश्न एकाच ओळीचा होता: ‘तुमच्या आकड्यांवर कुठल्याही गाईसाठी सोडवलं तरी कडबा शून्यच का येतो?’

सकाळी ७:१५

म्हणून आज गोठ्यात टेपबरोबर ताणकाटाही आणला आहे. आधी नेहमीचं काम. गाईच्या छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून वजनाचा अंदाज घ्यायचा, गव्हाणीत पडणारी वैरण तोलायची, उरलेलं उष्टं तोलायचं. मग कडब्याच्या गंजीतून इकडच्या-तिकडच्या दहा पेंढ्या काढून एकेक तोलते. लहान-मोठ्या पेंढ्यांच्या वजनात बराच फरक निघतो. तो सगळा वहीत उतरतो.

काका धार काढता काढता विचारतात, “मॅडम, सरकी पेंड लई म्हागली बगा. निस्त्या मक्यावर भागंल का?”

“भागेल की नाही ते दुपारपर्यंत सांगते, काका.”

ते अगदी मुळाचंच विचारताहेत. मका ऊर्जा देतो, पण त्यात प्रथिनं थोडी. पेंडीत प्रथिनं जास्त, भावही जास्त. एकाच्या जागी दुसरं कुठवर चालेल, हे डोळ्यांनी ठरत नाही.

सकाळी ९:३०

नमुने तोलून ओव्हनमध्ये ठेवले. पाणी उडून गेल्यावर उरतं ते शुष्क पदार्थाचं वजन. १९८८ पासून गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे ‘ड्राय मॅटर’ हा शब्द इथे नवखा नाही. तरी तो कागदावर लिहायचा राहून जातो, आणि घात तिथेच होतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसरीकडून मिळालेलं एक कोष्टक विश्वासाने वापरलं. प्रथिनांच्या रकान्यावर नुसता ‘टक्के’ असा मथळा होता. कशाचे टक्के, ते नव्हतं. हत्ती गवतात शुष्क भाग साधारण पाचवा हिस्सा धरा. दहा किलो हिरवं गवत म्हणजे दोन किलो शुष्क पदार्थ. प्रथिनं शुष्क पदार्थाच्या ८ टक्के असतील, तर ती भरतात १६० ग्रॅम. मी तेच ८ टक्के हिरव्या वजनावर लावले आणि ८०० ग्रॅम धरले. पाचपट! उत्तर फार स्वस्त आलं, आणि आठवड्याभरात एका घरच्या गाईचं दूध उतरलं. त्या घरच्या माउलीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्या दिवसापासून मी एकही रकाना मथळ्यात एकक आणि आधार लिहिल्याशिवाय सोडत नाही.

सकाळी ११:००

आता मांडणी. बारावीच्या गणितात लिनियर प्रोग्रॅमिंग असतं. आलेखावर दोन-तीन रेषा काढायच्या, मधला प्रदेश रंगवायचा आणि त्याच्या कोपऱ्यांवर उत्तर शोधायचं. इथेही तेच आहे, फक्त रेषांच्या जागी डझनभर अटी आहेत: प्रथिनं इतकी तरी हवीत, ऊर्जा इतकी, कॅल्शियम इतकं, युरिया याच्या वर नको, आणि सगळं मिळून गाईच्या पोटात मावलं पाहिजे. खर्च कमीत कमी.

अशा गणिताचं मूळ माणसांच्या जेवणात आहे. १९४५ साली अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन सर्वांत स्वस्त आहार काढला. १९३९ च्या भावांनी वर्षाला ३९.९३ डॉलर. त्यांची रीत अंदाजाची होती आणि ते त्यांनी लपवलं नाही. मोठी गोष्ट ही की त्यांनी पदार्थांचं आख्खं कोष्टक छापलं. १९४७ मध्ये जॉर्ज डान्झिग यांची सिम्प्लेक्स रीत आली, तेव्हा जॅक लॅडरमन यांनी तेच कोष्टक घेतलं. नऊ कारकून हाताच्या गणनयंत्रांवर बसले, १२० मनुष्यदिवस खपले आणि नेमकं उत्तर निघालं: ३९.६९ डॉलर. स्टिग्लर अवघ्या २४ सेंटांनी चुकले होते. कोष्टक छापलं नसतं, तर ते किती अचूक होते हेही जगाला कळलं नसतं. पुढे १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ यांनी हीच रीत दुभत्या गाईंच्या खाद्याला लावली. माझं काम त्या ओळीतलं.

दुपारी १:३०

भाकरी खाताना त्या मुलाला उत्तर लिहायला घेतलं. त्याच्या रीतीचा पाया करमरकरांच्या वाटेवरचा आहे, हे वाचून बरं वाटलं. नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली बाहेर पडलेले. सिम्प्लेक्स कडेकडेने कोपरा गाठत जाते. करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना प्रदेशाच्या आतून वाट काढणारी रीत मांडली. ती पन्नास पट वेगवान असल्याची बातमी झाली. पण कोणत्या उदाहरणांवर, कोणत्या आज्ञावलीने, हे बाहेरच्यांना कळेना. कित्येक गणिती वेग पडताळू शकले नाहीत आणि वाद धुमसत राहिला.

त्यातून वाट निघाली ती खुल्या उदाहरणांची. त्याच बेल लॅब्समधल्या डेव्हिड गे यांनी १९८५ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगची उदाहरणं गोळा करून नेटलिब या खुल्या संगणकीय साठ्यावर ठेवली. ई-मेल पाठवली की उदाहरण परत येई. त्यातलं ‘अफिरो’ अगदी लहान: ३२ चल, २७ अटी, उत्तर उणे ४६४.७५३. सॉल्व्हर लिहिणारे आजही त्यावर हात साफ करतात. १९८९ मध्ये इलन ॲडलर, स्वतः करमरकर आणि सहकाऱ्यांनी नेटलिबच्याच उदाहरणांवर त्या रीतीची कामगिरी छापली. एवढी थोर बुद्धी, तिलाही सर्वांसमोर मांडता येईल असं मैदान लागलं. मराठी माणसाचा अभिमान सांगताना आपण ही अर्धी गोष्ट वगळतो. ती मुलांना सांगायला हवी.

दुपारी ४:००

कडब्याचं कोडं सुटलं. इकडे कडब्याचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर ठरतो. एका ओळीत मी शेकड्याचा भाव तसाच किलोच्या रकान्यात टाकला होता. संगणकाच्या लेखी कडबा सोन्याच्या मोलाचा झाला आणि प्रत्येक उत्तरातून बाहेर पडला. मी ते कोष्टक कितीदा तपासलं होतं. परक्या डोळ्यांना जे दिसलं, ते मला दिसलं नाही. सकाळच्या दहा पेंढ्यांवरून किलोचा भाव काढला, आणि पेंढ्यांची वजनं वेगळ्या रकान्यात दिली.

मग फाइल स्वच्छ करायची. शेतकऱ्याचं नाव, वस्ती, फोन आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, सगळं काढून टाकलं. वजन, वेत, दूध, फॅट, वैरण ठेवलं. आकडे गणिताचे, घर मात्र त्यांचं. परवानगी देताना त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास याच कामात राखला जातो.

संध्याकाळी ६:१५

सुधारलेल्या भावाने पुन्हा सोडवलं आणि काकांना फोन केला. “पेंड तेवढीच राहू द्या, काका. मक्याने प्रथिनं भरत नाहीत. पण विकतचा मुरघास थोडा कमी करा आणि कडबा वाढवा. एकदम नको, आठवडाभरात हळूहळू.”

“कडबा? तो तर घरचाच हाय की!”

रात्री ९:००

दुसरी आवृत्ती खुली केली. सोबतच्या टिपेत प्रत्येक रकान्याचं एकक, नमुना घेतल्याचा महिना, भाव कुठल्या बाजाराचा, कुठल्या अटी लावल्या आणि माझं उत्तर किती आलं, हे सगळं आहे. पहिली आवृत्तीही तशीच ठेवली, म्हणजे तिच्यावर कुणी काही केलं असेल तर त्याला फरक शोधता येईल. बदलांच्या नोंदीत लिहिलं: ‘कडब्याचा भाव शेकड्याऐवजी किलोवर आणला. चूक माझी होती. ती एका विद्यार्थ्याने दाखवली.’

दहा-बारा दिवसांनी काकांच्या दुधाची पावती पाहायची आहे. वहीत तारीख घातली आहे.