नायट्रेट शून्य, फॉस्फेट जागच्या जागी: बायोपेलेट्सचं गणित

आजचा भाग जरा आकड्यांचा आहे. लोकलच्या गर्दीत ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा लेखी उतारा हाताशी ठेवा.

मेसेजेसमध्ये एकच तक्रार सारखी येते. रीफ टँकला बायोपेलेट्स लावून दोन महिने झाले, नायट्रेट शून्यावर आलं, फॉस्फेट मात्र ०.२ पीपीएमच्या खाली उतरायला तयार नाही, आणि कोरल फिकट पडत चाललंय. पेलेट्स खराब निघाले का? माझं उत्तर आहे, नाही. पेलेट्सनी त्यांचं काम चोख केलंय. आपणच त्यांच्याकडून न होणारं काम मागतोय.

आधी मुळाशी जाऊ. माशांना आपण जे खाणं टाकतो त्यात नायट्रोजनही असतो आणि फॉस्फरसही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट. टँकमध्ये ही गाडी बहुतेक वेळा नायट्रेटपाशीच थांबते आणि ते साठत जातं. पाणी बदलणं हा उपाय आहेच, पण हिशोब करून बघा. २०० लिटरच्या टँकमधलं पाव पाणी बदललं तर ४० पीपीएम नायट्रेट ३० वर येतं, बस. त्यासाठी ५० लिटर आरओचं पाणी आणि जवळपास पावणेदोन किलो सी-सॉल्ट खर्च होतं. दर आठवड्याला हे करायचं म्हणजे खिशाला आणि कमरेला दोघांनाही त्रास.

बायोपेलेट्स इथे कामाला येतात. दिसायला साबुदाण्यासारखे किंवा जरा मोठे दाणे, पीएचए किंवा पीसीएल अशा जैवविघटनशील प्लास्टिकचे. पाणी त्यांच्यातून वाहत राहिलं की त्यांच्यावर बॅक्टेरियांचा थर चढतो. टँकच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असतो, पण बॅक्टेरियांना पचेल असा कार्बन कमी असतो. पेलेट म्हणजे तो कार्बन. तो खाऊन बॅक्टेरिया वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट स्वतःच्या शरीरात बांधून घेतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. बॅक्टेरियांनी ते शरीरात घेतलं म्हणजे ते टँकमधून गेलं असं नाही. केर झाडून कोपऱ्यात गोळा केला आणि सुपलीत भरलाच नाही, तर पंखा लावल्यावर काय होतं? तेच. सुपलीचं काम प्रोटीन स्किमर करतो. पेलेट्सवरून सुटलेले बॅक्टेरिया फेसाबरोबर स्किमरच्या कपात जातात, आणि तो कप आपण ओततो तेव्हाच नायट्रेट खऱ्या अर्थाने घराबाहेर पडतं. म्हणून रिॲक्टरची बाहेर येणारी नळी स्किमरच्या तोंडाशीच सोडायची. स्किमर नसेल किंवा टँकच्या मानाने लहान असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की पेलेट्सच्या वाटेला जाऊ नका. तसंच शंभर लिटरच्या आतला टँक असेल तर पाणी बदलणंच स्वस्त आणि सुरक्षित.

तर मग फॉस्फेट का अडकतं? अल्फ्रेड रेडफील्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली समुद्रातल्या प्लवकांबद्दल एक निरीक्षण मांडलं. त्यातून पुढे प्रसिद्ध झालेलं प्रमाण असं: कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. हे अणूंचं प्रमाण आहे. आपल्या टेस्ट किटच्या भाषेत आणलं तर साधारण १० पीपीएम नायट्रेट संपताना १ पीपीएम फॉस्फेट संपतं. बॅक्टेरिया हे प्रमाण काटेकोर पाळत नाहीत, पण अंदाजाला पुरेसं आहे.

समजा सुरुवातीला नायट्रेट ४ होतं आणि फॉस्फेट ०.६. चार नायट्रेटबरोबर फॉस्फेट जाणार ०.४ च्या आसपास. उरलं ०.२. नायट्रेट संपलं, बॅक्टेरियांची वाढ थांबली, आणि फॉस्फेट तिथेच बसलं. वर आणखी दोन भानगडी आहेत. पेलेटवरच्या थराच्या आतल्या बाजूला ऑक्सिजन कमी असतो. तिथले काही बॅक्टेरिया श्वसनासाठी नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात, आणि त्यात फॉस्फेट खर्चच होत नाही. शिवाय टँकमधले दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतात. म्हणजे आपण उपसतोय आणि खालून झरा चालूच.

अशा वेळी बरेच जण आणखी पेलेट्स घालतात. त्याने काहीही होत नाही, कारण कमी पडतंय ते नायट्रेट, कार्बन नव्हे. फॉस्फेटसाठी वेगळं माध्यम लागतं: दाणेदार फेरिक ऑक्साइड, ज्याला सगळे जीएफओ म्हणतात. तेही थोडं थोडं, कारण फॉस्फेट एका झटक्यात खाली आलं तर कोरलला धक्का बसतो. दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटेल: नायट्रेट मोजून थोडं वाढवायचं, म्हणजे बॅक्टेरिया पुन्हा चालू होतात. त्यासाठी रीफकरता मिळणारं द्रावण घ्या. गावाकडच्या मित्रांनो, कृषी सेवा केंद्रातलं १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच, हे मलाही माहीत आहे. पण शेतीच्या खताची शुद्धता कोरलसाठी ठरवलेली नसते, आणि बरोबर पोटॅशियमही वाढतं. मी ते रीफमध्ये घालणार नाही.

कोरल फिकट का पडतं, तर त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे. कोरलचा बराचसा डबा तेच पुरवतात आणि त्यांना स्वतःला नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. दोन्हींपैकी एक जरी संपलं तरी उपासमार. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फेट नगण्य अशा पाण्यात कोरल ब्लीच व्हायला जास्त सहज तयार होतं. म्हणून किटवर शून्य दिसलं की स्टेटसला टाकू नका! नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही पट्टी मला चांगली वाटते. दोन्ही शून्याकडे गेले की डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी चिकट थर यायची भीती असते, आणि तो काढणं नायट्रेट काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. पाण्यात पोषण कमी असताना अल्कलिनिटीही फार चढवू नका, ७ ते ८.५ डीकेएच पुरे. नाहीतर एसपीएस कोरलची टोकं जळतात.

मोजताना एक लक्षात घ्या. काही डिजिटल मीटर फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये. फॉस्फेट हवं तर ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. मीटरवर २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६. ते २० बघून घाबरून जीएफओ ओतू नका.

सुरुवात डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागाने करा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवत न्या. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत आकडा हलला नाही तरी थांबा, थर बसायला वेळ लागतो. घाई केली तर अख्खं पाणी दुधाळ होतं. ते बॅक्टेरियांचं पीक असतं, आणि ते ऑक्सिजन खातं. रात्री दिवे बंद, प्रकाशसंश्लेषण बंद, त्यात मे महिन्याचं गरम पाणी, ज्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून दिसतात, किंवा तळाशी. दुधाळपणा दिसला की पेलेट्सचा प्रवाह कमी करायचा नाही, पेलेट्स कमी करायचे. स्किमर जोरात आणि एअर पंप चालू.

दाणे रिॲक्टरमध्ये सतत हळुवार उकळल्यासारखे फिरले पाहिजेत. गोळा झाला की आत ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं, सडक्या अंड्याचा वास येतो. लोडशेडिंगमध्ये नेमकं हेच होतं. चार-पाच तास वीज गेली तर बंद रिॲक्टरमध्ये बॅक्टेरिया जिवंत असतात, ऑक्सिजन मात्र संपलेला. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ते विषारी पाणी थेट माशांच्या अंगावर. म्हणून रिॲक्टरचा पंप स्वतंत्र बटणावर ठेवा आणि वीज गेल्या गेल्या ते बटण बंद करा. वीज आल्यावर झाकण उघडून आतलं पाणी बादलीत ओता, दाणे टँकच्याच पाण्याने विसळा, मग चालू करा. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट परवडत असेल तर वेव्हमेकर लावा. घरी कुणी नसताना वीज जाऊ शकते, तेव्हा हे सगळं कागदावर लिहून स्टँडच्या दाराला आतून चिकटवा आणि आई-बाबांना एकदा करून दाखवा.